पान, पूड आणि कायदा

रबराचा चीक काढण्याचं काम रात्रीचं असतं. ऊन चढलं की चीक वाहायचा लवकर थांबतो, म्हणून दक्षिण थायलंडमधले मजूर मध्यरात्रीनंतर कपाळाला दिवा बांधून बागेत शिरतात आणि उजाडेपर्यंत एकेका झाडाच्या सालीवर तिरकी चीर देत पुढे जातात. कामाला निघण्याआधी घरामागच्या झाडाची दोन-तीन ताजी पानं खुडायची, मधली शीर ओढून टाकायची, पानाची घडी करून चावायची आणि वर कोमट पाणी किंवा कॉफी प्यायची, ही तिथली जुनी रीत. चव चांगलीच कडू. पोट आवळून धरू नये म्हणून काही जण पानाला चिमूटभर मीठही लावतात. पाच-दहा मिनिटांत अंगातला जडपणा जातो, हात चालू लागतात, भूक मागे पडते. दर्यावर जाणारे कोळी, भातशेतीतले गडी, उन्हात राबणारे मजूर असे सगळेच हे पान खात आले. या भागात मुसलमान वस्ती मोठी आहे आणि दारू धर्माने वर्ज्य. त्यामुळे आल्यागेल्यापुढे पान ठेवणं हा पाहुणचाराचाच भाग झाला.

हे झाड म्हणजे क्रॅटम. मलेशियात त्याला केतुम म्हणतात, बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात पुरिक. शास्त्रीय नाव मित्रागायना स्पेसिओसा, कुळ कॉफीचं. कोर्टाल्स या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1839 मध्ये या वंशाला नाव दिलं. आपल्या पानझडी जंगलांत आढळणारा कळंब, म्हणजे मित्रागायना पार्विफोलिया, याच वंशातला. दोघांचाही फुलोरा गोल चेंडूसारखा असतो. मात्र क्रॅटमचं मुख्य द्रव्य मित्रागायनीन कळंबात नसतं. तेव्हा हे वाचून कोणी कळंबाचा पाला चघळायला जाऊ नये.

क्रॅटमविषयी जगभर जो वाद चालू आहे, त्यात माझी बाजू ठरलेली आहे आणि ती आधीच सांगतो. या पानावर सरसकट बंदी घालू नये. प्रौढ माणसाला ते कायद्याने मिळावं, पण तपासलेलं, मोजलेलं आणि चिठ्ठीवर सगळं छापलेलं मिळावं. आणि त्याच कायद्याने त्यातून काढलेल्या तीव्र अर्कांना दार बंद करावं. थायलंडने हे करून दाखवलं आहे. तिथवर पोचायला त्या देशाला 78 वर्षं लागली.

तिथली बंदी आली ती 1943 साली, ऐन महायुद्धात. त्या काळी थायलंडमध्ये अफू चोरून विकली जात नव्हती. ती सरकारी मक्तेदारी होती, तिच्यावर कर होता आणि तो खजिन्याचा मोठा आधार होता. अफू महाग झाली तसे अफूबाज क्रॅटमकडे वळले. क्रॅटम कुंपणापाशी उगवत होतं आणि त्यावर कर नव्हता. सरकारचं उत्पन्न बुडतंय, हा मुद्दा तिथल्या संसदेतल्या चर्चेतच मांडला गेला. 3 ऑगस्ट 1943 पासून कायदा लागू झाला. नवं झाड लावायचं नाही आणि असलेलं तोडून टाकायचं. लोकांच्या तब्येतीची काळजी हे या कायद्याचं मूळ नव्हतं.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. मुंबई सरकारने 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. कारण तेच, घरोघरी गाळल्या जाणाऱ्या दारूने आबकारी उत्पन्न घटत होतं. मोहाची फुलं गरिबाच्या पोटाला आणि गुरांच्या चाऱ्यालाही लागतात, हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. अंगणातलं झाड वसुलीच्या आड आलं की ते गुन्हेगार ठरतं आणि एकदा चिकटलेला तो शिक्का मूळ कारण विसरलं गेलं तरी पुसला जात नाही. थायलंडमध्ये नेमकं तेच झालं. अफूची सरकारी दुकानं 1950च्या दशकाअखेर बंद झाली, पण क्रॅटमवरची बंदी राहिली. उलट 1979च्या अंमली पदार्थ कायद्यात ते गांजाच्या जोडीला पाचव्या वर्गात जाऊन बसलं.

आता पानात काय असतं ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

मित्रागायनीन हे अल्कलॉइड एलन फील्ड यांनी 1921 मध्ये एडिंबरामध्ये शुद्ध रूपात वेगळं केलं. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर अफू आणि मॉर्फिन काम करतात, त्याच ग्राहींना ते जाऊन चिकटतं. म्हणून त्याने वेदना कमी होते आणि म्हणूनच त्याची सवयही लागते. ही गोष्ट क्रॅटमच्या बाजूने बोलणाऱ्यांनी झाकू नये. पण चिकटण्याची रीत वेगळी आहे. मॉर्फिन ती ग्राही पूर्ण जागी करतं, मित्रागायनीन अर्धवट. कोलंबिया विद्यापीठातल्या क्रूगल आणि सेम्स यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की ग्राहीच्या आतून निघणाऱ्या दोन संदेशमार्गांपैकी एकच मार्ग ते चालवतं, आणि श्वास मंदावण्याशी ज्याचा संबंध असावा असं तेव्हा मानलं जात होतं तो दुसरा मार्ग जवळपास गप्पच राहतो. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनात माणूस मरतो तो श्वास थांबून. त्यामुळे या फरकाला फार महत्त्व आलं. तो मार्ग खरंच निर्णायक आहे का यावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. ग्राही अर्धवट जागी होणं मात्र आजही महत्त्वाचं मानलं जातं.

दुसरं द्रव्य आहे 7-हायड्रॉक्सिमित्रागायनीन. याला सगळे थोडक्यात सेव्हन-ओएच म्हणतात. हे मित्रागायनीनपेक्षा कितीतरी जोरकस आहे. पानात ते नाममात्र असतं, एकूण अल्कलॉइडांच्या दोन टक्क्यांच्या आत. चघळलेल्या पानातल्या मित्रागायनीनचा थोडा भाग यकृतात त्यात बदलतो, पण सावकाश आणि मर्यादेत. हे द्रव्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच गाडी येणार आहे.

वेदनेचं म्हणाल तर पेनांगच्या सायन्स मलेशिया विद्यापीठात एक छोटा पण नेटका प्रयोग झाला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज केतुमचा काढा पिणाऱ्या 26 पुरुषांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं. एकदा केतुम देऊन, एकदा तसाच दिसणारा पण केतुम नसलेला नुसता काढा देऊन. कोणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. केतुमआधी सरासरी 11 सेकंद टिकलेला हात तासाभराने जवळजवळ 25 सेकंद टिकला, नुसत्या काढ्याने फारसा फरक पडला नाही. रबर बागेतला मजूर जे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होता, ते घड्याळ लावून मोजलं गेलं.

आता दुसरी बाजू, हातचं न राखता. सांगुन सुवानलेर्ट या थाई मानसोपचारतज्ज्ञांनी 1975 मध्ये 30 जुन्या क्रॅटमखोरांचा अभ्यास मांडला. वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची वजनं घटली होती, बद्धकोष्ठ पाठीला लागलेलं होतं, गालांची कातडी काळवंडली होती. काहींना भ्रम झाले होते. पान बंद केलं की अंग दुखणं, नाक वाहणं, झोप उडणं, चिडचिड असे त्रास होत. आजच्या वैद्यकाने त्यात आणखी भर घातली आहे. काही लोकांना क्रॅटम सुरू केल्यावर काही आठवड्यांतच कावीळ होते, यकृत बिघडतं. गरोदरपणी घेणाऱ्या आईच्या बाळाला जन्मल्यावर ते अचानक तुटल्याचे त्रास होऊ शकतात. इतर औषधं पचवणारी यकृतातली काही विकरं क्रॅटमने मंदावतात, त्यामुळे झोपेच्या गोळ्या, मनोविकारावरची औषधं, दारू यांच्यासोबत ते घेणं धोक्याचं. हा धोका खरा आहे, आणि मी नियमनाचा आग्रह धरतो तो याच्याचसाठी. निरुपद्रवी पानाला कायद्याची गरजच काय?

अमेरिकेत क्रॅटम पोचलं तेव्हा तिथे वेदनाशामक गोळ्यांची साथ पसरलेली होती. डॉक्टरांनी सढळ हाताने लिहून दिलेल्या गोळ्यांनी लाखो लोकांना चटक लावली होती. मग लिहून देण्यावर एकदम निर्बंध आले आणि लोक हेरॉइनकडे, पुढे फेंटॅनिलकडे वळले. त्यातले काही हिरवी पूड चहात ढवळून पिऊ लागले. पाठीच्या मणक्याची वेदना, युद्धातून परतलेल्यांच्या जुन्या जखमा, हेरॉइन सोडतानाचे हाल, अशी कारणं ते सांगत होते. सरकारी पाहणीनुसार 2021 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 17 लाख लोकांनी क्रॅटम घेतलं.

ऑगस्ट 2016 च्या अखेरीस अमेरिकेच्या अंमली पदार्थ प्रशासनाने जाहीर केलं की मित्रागायनीन आणि सेव्हन-ओएच या दोन्हींना तातडीने पहिल्या परिशिष्टात टाकणार. म्हणजे हेरॉइनच्या रांगेत. वेदनेने पिचलेली माणसं रस्त्यावर आली. 1 लाख 40 हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज गेला, काँग्रेसच्या 51 सदस्यांनी पत्र लिहिलं आणि ऑक्टोबरमध्ये प्रशासनाला ती सूचना मागे घ्यावी लागली. नंतर हरकती मागवल्या तेव्हा 23 हजारांवर लेखी म्हणणी आली. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही क्रॅटमचा विचार केला आणि आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या दृष्टीने पुढची सखोल तपासणी करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं.

मृत्यूंचं काय, हा प्रश्न कोणीही विचारेल आणि विचारायलाच हवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुलै 2016 ते डिसेंबर 2017 या काळातले 27 राज्यांतले 27,338 अतिसेवनाचे मृत्यू तपासले. त्यांपैकी 152 जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं, म्हणजे शेकडा अर्ध्याच्या थोडं वर. 91 मृत्यूंत ते एक कारण ठरवलं गेलं. फक्त क्रॅटमच सापडलं, दुसरं काहीच नाही, असे मृत्यू 7. तेही दुसरं काही नजरेतून सुटलंच नसेल अशी खात्री त्या अहवालाने दिलेली नाही. बहुतेकांच्या रक्तात फेंटॅनिल किंवा हेरॉइन होतं. सात हा आकडा शून्य नाही. पण तो पाहून लाखो लोकांना हेरॉइनवाल्यांच्या कोठडीत ढकलणारा कायदा करावा, असं मला तरी पटत नाही. उलट यातून कळतं ते हे की क्रॅटम दुसऱ्या कशात मिसळलं की जिवावर बेततं, आणि मिसळलंय का हे कळण्याची सोय गिऱ्हाइकाला असली पाहिजे.

ती सोय नसली की काय होतं, याचे दाखले आहेत. स्वीडनमध्ये क्रिप्टॉन नावाची पूड क्रॅटम म्हणून इंटरनेटवर विकली जात होती. एका वर्षाच्या आत तिने नऊ जण दगावले. तपासात निघालं की पुडीत ट्रॅमाडॉलपासून शरीरात बनणारं एक जोरकस अफूजन्य रसायन मिसळलेलं होतं. वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. अमेरिकेत 2018 मध्ये क्रॅटमच्या पुडीतून साल्मोनेलाचा संसर्ग पसरला आणि 41 राज्यांत 199 माणसं आजारी पडली. साल्मोनेला झाडात नसतो. तो येतो उघड्यावर वाळवण्यातून, घाणेरड्या चक्कीतून, न धुतलेल्या हातांतून. एका कंपनीने माल परत घ्यायला नकार दिला, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आपल्या इतिहासात पहिल्यांदाच सक्तीचा आदेश काढून माल परत घ्यायला लावला. हीच संस्था क्रॅटमला औषध म्हणत नाही आणि अन्न म्हणूनही मान्यता देत नाही. मग ती पूड कुठे दळली, तिच्यात शिसं किती, हे आधी तपासायचं कोणी? मसाल्याच्या पाकिटावर जेवढं छापलेलं असतं तेवढंही या पाकिटावर नसावं, हा अन्याय आहे, आणि तो सोसावा लागतो आधीच वेदनेत असलेल्या माणसाला.

काही राज्यांनी मग स्वतःच रस्ता काढला. 2019 मध्ये सर्वांत आधी युटाने क्रॅटम ग्राहक संरक्षण कायदा केला, त्याच वर्षी जॉर्जिया, ॲरिझोना आणि नेवाडाने केला. पुढे इतर राज्यं आली. तपशील राज्याराज्यांत वेगळे, पण गाभा एकच. अल्पवयीनांना विकायचं नाही, भेसळ चालणार नाही, किती अल्कलॉइड आहे ते छापायचं आणि सेव्हन-ओएचचं प्रमाण पानात नैसर्गिकपणे असतं त्याच्या वर जाता कामा नये. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा दोन टक्के ठेवली गेली. उलट अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना यांसारख्या राज्यांनी पूर्ण बंदी घातली. तिथल्या वेदनाग्रस्त माणसाने करायचं काय, याचं उत्तर त्यांच्या कायद्यात मला सापडत नाही.

आणि मग बाजाराने नवी पाचर मारली. प्रयोगशाळेत मित्रागायनीनचं रूपांतर करून जवळजवळ शुद्ध सेव्हन-ओएचच्या गोळ्या, गमी, छोट्या बाटल्या पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत आल्या. गमींचे रंग आणि चवी लहान मुलांना भुलवतील अशा. क्रॅटमच्या नावावर त्या खपत होत्या, पण पान चघळणाऱ्या मजुराचा आणि या गोळीचा संबंध उसाच्या रसाचा आणि स्पिरिटचा असतो तेवढाच. 29 जुलै 2025 रोजी एफडीएने या तीव्र सेव्हन-ओएच उत्पादनांना नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकण्याची शिफारस केली आणि हा रोख नैसर्गिक पानावर नाही, असं स्पष्ट सांगितलं. जी संस्था वर्षानुवर्षं पान आणि अर्क एकाच काठीने हाकत होती, तिने हा फरक मान्य केला ही मोठी गोष्ट. त्याआधी याच संस्थेने क्रॅटमच्या पानाची पूड 40 माणसांना 12 ग्रॅमपर्यंत देऊन पाहिली होती. मळमळ वगैरे झाली, गंभीर काही झालं नाही. दोन्ही पावलं योग्य आहेत आणि दोन्ही एकत्रच टाकली पाहिजेत.

परत थायलंडकडे येऊ. सुरत थानी प्रांतात बान ना सान जिल्ह्यात नाम फू नावाचा गावसमूह आहे. बंदी असतानाच तिथल्या लोकांनी आपली नियमावली केली. कोणाच्या दारात किती झाडं आहेत याची नोंद ठेवायची, पान गावाबाहेर विकायचं नाही, पोरांच्या हाती लागू द्यायचं नाही. पोरांची भीती खरी होती. सीमेवरच्या प्रांतांत तरुण मुलं क्रॅटमचा काढा, कोला आणि खोकल्याचं औषध एकत्र करून पीत. चार-गुणिले-शंभर हे त्या मिश्रणाचं नाव. गावकऱ्यांनी पान आणि हे मिश्रण यांच्यात रेघ ओढली आणि ती स्वतः राखली. सरकारने पुढे नाम फूला प्रयोगाचं गाव म्हणून मान्यता दिली. वरून फर्मान निघण्याआधी गावाने नियम करून पाळून दाखवले, हा या साऱ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

24 ऑगस्ट 2021 रोजी क्रॅटम अंमली पदार्थांच्या यादीतून निघालं. क्रॅटमच्या गुन्ह्यांत अडकलेल्या सुमारे 12 हजार लोकांची सुटका होईल, असं सरकारने सांगितलं. पण नुसतं यादीतून काढून ते थांबले नाहीत. वर्षभरात, ऑगस्ट 2022 मध्ये, क्रॅटमसाठी स्वतंत्र कायदा आला. 18 वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विक्री बंद. शाळा, वसतिगृहं, सार्वजनिक बागा इथे विक्री बंद. यंत्रातून किंवा ऑनलाइन विक्री बंद. घरच्या झाडाचं पान खुडून खायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. कायद्याची अंमलबजावणी ढिली आहे, रस्त्याकडेला बाटल्यांतून काढा विकणारे अजूनही वय विचारत नाहीत, अशा तक्रारी आहेत. त्या सोडवता येतात. तुरुंगात गेलेली वर्षं परत देता येत नाहीत.

शेजारी मलेशियात केतुम अजून 1952च्या विष कायद्याखाली आहे. चार वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रिंगिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सीमेच्या एका बाजूला जे पान मंडईत जुडी बांधून मिळतं, त्याच पानासाठी दुसऱ्या बाजूला हातकडी पडते. इंडोनेशियाचं तर विचारूच नका. अमेरिकेत जाणारी बहुतेक पूड पश्चिम कालिमंतानातल्या कापुआस हुलू भागातून निघते. रबराचा भाव पडल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी हीच झाडं लावून घर चालवलं. तिथलं अंमली पदार्थ खातं बंदीच्या मागे होतं, तरी 2024 मध्ये सरकारने निर्यातीचे नियम करणं पसंत केलं.

भारतात हा प्रश्न आज दारात नसेल, उद्या येईल. तेव्हा आपल्या कायद्याकडे एक धडा आधीच आहे. 1985च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजाची व्याख्या करताना शेंडे आणि फुलोरा धरला, पण शेंड्यांशिवायची पानं आणि बिया व्याख्येबाहेर ठेवल्या. म्हणून भांग राज्यांच्या नियमांखाली चालते आणि चरस मात्र गुन्हा ठरतो. झाड एकच, भाग वेगळा, रूप वेगळं, म्हणून कायदाही वेगळा, हे तत्त्व आपण चाळीस वर्षं मान्य करत आलो आहोत. क्रॅटमला तेच लावायला हवं, आणि ते लावताना प्रयोगशाळेची तपासणी, वयाची अट आणि वेष्टनावर प्रमाण या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

फुकेत-क्राबीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना एक सांगणं. तिथे क्रॅटमचा चहा सहज मिळेल. रोजची औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल तर त्याला हात लावू नका. आणि त्याची पुडी बॅगेत टाकून परतताना सिंगापूरला विमान बदलू नका. तिथे मित्रागायनीन अ वर्गातला अंमली पदार्थ आहे, आणि थायलंडच्या मंडईत ते उघड मिळतं हे तिथल्या न्यायालयात ऐकून घेतलं जाणार नाही.